टीव्हीवर राजकीय वार्ताहर व्हायचंय? आधी कागद वाचायला शिक

लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मी राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला टीव्हीवर राजकीय पत्रकार व्हायचं आहे. मुंबईत कुणी ओळखीचं नाही, इंग्रजी बेताचं आहे. अँकरिंगचा कोर्स करू की रिपोर्टिंगचा? आणि राजकीय बीटवर नेमकं काय करावं लागतं?"

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो नीट कळला की कोर्सचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. (अगं-तुगं करते आहे, राग मानू नकोस. न्यूजरूममध्ये नव्या मुलींशी आम्ही असंच बोलतो.)

बीट म्हणजे वार्ताहराला नेमून दिलेलं बातम्यांचं क्षेत्र. राजकीय बीट म्हणजे नेत्यांच्या बंगल्याबाहेर उभं राहायचं, गाडीची काच खाली झाली की बूम (चॅनेलचा माइक) पुढे करायचा आणि संध्याकाळी कोण कुणावर नाराज आहे ते सांगायचं, असं टीव्ही पाहणाऱ्याला वाटतं. ते करावंच लागतं. 'वर्षा', 'सिल्व्हर ओक', 'मातोश्री' यांच्या फाटकाबाहेर उन्हापावसात तासन्‌तास काढल्याशिवाय या बीटवर कुणाचं चाललेलं नाही. पण तेवढ्यावर कुणी राजकीय वार्ताहर होत नाही. सरकार कागदावर चालतं. शासन निर्णय, विधेयक, पुरवणी मागणी (मूळ अर्थसंकल्पात न धरलेल्या खर्चासाठी सभागृहाकडे मागितलेले पैसे), सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचा अहवाल, न्यायालयाचा आदेश, निवडणूक आयोगाचं पत्र, उमेदवाराचं शपथपत्र. 2007-08 च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या एकामागून एक आल्या तेव्हा माझ्याबरोबर खूप मुलंमुली या कामात आली. दिसायला चांगली होती, बोलायला चटपटीत होती. त्यातली आज बीटवर मानाने उभी आहेत ती बहुतेक सगळी कागद वाचणारी आहेत. हे मी अगदी मनापासून सांगते आहे आणि पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

विधिमंडळापासून सुरू करू. विधानसभेत 288 आणि विधानपरिषदेत 78 सदस्य. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. ही नागपूरची प्रथा 1953 च्या नागपूर करारातून आलेली. अधिवेशनात सकाळी पायऱ्यांवर विरोधकांची घोषणाबाजी असते. हातात फलक, गळ्यात कांद्याच्या माळा, कधी टाळमृदंग. सगळे कॅमेरे तिथेच असतात, कारण दृश्य तयार मिळतं. ते शूट करावंच. पण त्या गर्दीतून बाहेर पडून दिवसाच्या कामकाजाचा क्रम हातात घेणारे वार्ताहर आजही थोडे आहेत. त्या कागदावर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) असतात, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या) असतात, कुठली विधेयकं मांडली जाणार ते असतं, नियम 293 खालची चर्चा असते. तुझ्या जिल्ह्यातल्या पीकविम्यावरचा प्रश्न आज तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याचं लेखी उत्तर छापून आलेलं आहे, हे तुला सकाळीच कळू शकतं. मंत्री सभागृहात बोलायला उभे राहण्याआधी तुझ्याकडे बातमी तयार असते.

मला सगळ्यात जास्त बातम्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तकाने दिल्या. अधिवेशनाच्या सुरुवातीलाच ते सभागृहात मांडलं जातं. आकड्यांचं, रुक्ष, चाळायलाही नकोसं वाटणारं पुस्तक. चॅनेलवर त्यातला एकच आकडा जातो: "इतक्या हजार कोटींच्या पुरवणी मागण्या सादर." खरी गोष्ट आत असते. कुठल्या खात्याला किती, कशासाठी, आणि मार्चच्या मूळ अर्थसंकल्पात हा खर्च का धरला नव्हता, याचं दोनचार ओळींचं स्पष्टीकरण प्रत्येक मागणीखाली दिलेलं असतं. काही ठिकाणी मागणी फक्त 1000 रुपयांची दिसते. त्याला लाक्षणिक मागणी म्हणतात. पैसे त्याच विभागात दुसरीकडून वळवायचे असतात, फक्त नव्या कामाला सभागृहाची मान्यता हवी असते. हजार रुपयांच्या त्या ओळीमागे कधीकधी फार मोठं काम असतं. कुणी प्रेस कॉन्फरन्स घेऊन ते सांगणार नसतं.

आता एक उदाहरण जवळून बघ. 10 मार्च 2025 ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 2025-26 चा अर्थसंकल्प मांडला. सगळ्या राज्याचं लक्ष एका प्रश्नाकडे होतं: लाडक्या बहिणींचे 1500 रुपये 2100 होणार का? निवडणुकीत महायुतीने तसं जाहीर केलं होतं. भाषणात 2100 चा उल्लेख आला नाही, मग दिवसभर चॅनेलवर "होणार", "नंतर होणार", "फसवणूक" असे बाइट (नेत्यांच्या बोलण्याचे छोटे तुकडे) चालले. पण योजनेसाठीची तरतूद जाहीर झाली होती: 36 हजार कोटी. आता कॅल्क्युलेटर काढ. महिन्याला 1500 म्हणजे एका बहिणीला वर्षाला 18 हजार. 36 हजार कोटींना 18 हजारांनी भाग, 2 कोटी महिला येतात. 2100 धरले तर वर्षाला 25,200, आणि तेवढ्याच पैशात जेमतेम 1 कोटी 43 लाख महिला बसतात. योजना जाहीर करताना सरकारने वर्षाचा खर्च 46 हजार कोटी सांगितला होता. तो 1500 च्या हिशेबाने साडेदोन कोटींहून थोड्या जास्त महिलांना पुरतो. म्हणजे 2100 तर सोडाच, 1500 च कायम ठेवले तरी यादीतली नावं कमी होणार की पैसे पुन्हा पुरवणी मागणीतून आणणार, हा प्रश्न त्या दुपारीच विचारता येत होता. आतली खबर देणारं कुठलं सूत्र नको, कुणाची मेहेरबानी नको. पुढे महिनोन्‌महिने अपात्र लाभार्थ्यांची पडताळणी चालली, तेव्हा ज्यांनी तो भागाकार केला होता त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी आणि राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींच्या वर होती. हे आकडे तोंडपाठ असावेत असं मी म्हणत नाही. पण या दोन तुटींमधला फरक तुला पडद्यावर वीस सेकंदांत, घरी भाजी निवडत ऐकणाऱ्या बाईला कळेल असा सांगता आला पाहिजे. रोजच्या खर्चालाच उत्पन्न पुरत नाही ती महसुली तूट. वर्षभरात एकंदर जेवढी उसनवारी करावी लागेल ती राजकोषीय. एवढं पुरतं.

कागदाचं महत्त्व सगळ्यात जास्त कळलं ते 2019 आणि 2022 मध्ये. 23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी वर्तमानपत्रांत मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती झाल्याची बातमी होती. लोक चहा घेत ती वाचत असताना टीव्हीवर राजभवनातला शपथविधी सुरू झाला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री. आदल्या रात्रीपर्यंत बैठकांबाहेर उभे असलेले आम्ही सगळे वार्ताहर धावतपळत बाहेर पडलो. त्या गोंधळात पहिला सरळ प्रश्न होता तो असा: राज्यात 12 नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट होती, ती उठली कधी? राजवट लागू असताना शपथ होऊच शकत नाही. उत्तर अधिसूचनेत होतं. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राजवट मागे घेतली गेली होती. ही वेळ ज्याने पहिल्यांदा पडद्यावर सांगितली, त्याने त्या रात्रीची आख्खी गोष्ट सांगितली. पुढे 26 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी, गुप्त मतदान नाही, कामकाजाचं थेट प्रक्षेपण. आदेश वाचणाऱ्याला कळत होतं की आता आमदारांना लपून मत देता येणार नाही. त्याच दिवशी दोघांनीही राजीनामे दिले.

2022 चा जून तर मराठी टीव्हीच्या वार्ताहरांसाठी परीक्षाच होती. 20 जूनला विधानपरिषदेची निवडणूक झाली आणि त्या रात्रीपासून एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरच्या शिवसेना आमदारांचे फोन लागेनासे झाले. सुरत, मग गुवाहाटी. प्रत्येक चॅनेलवर एकच आकडा फिरत होता: 37. शिवसेनेचे तेव्हा 55 आमदार, त्यांचे दोनतृतीयांश म्हणजे 37. "37 जमले की बंड कायदेशीर" असं दिवसभर, सगळीकडे, अगदी खात्रीने सांगितलं जात होतं. संविधानाची दहावी अनुसूची उघडून बघितली की हे इतकं सोपं नाही हे दिसतं. 1985 ला पक्षांतरबंदी आली तेव्हा एकतृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून संरक्षण मिळत असे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. दोनतृतीयांशांची सवलत उरली ती विलीनीकरणापुरती. नुसते 37 एकत्र हॉटेलात राहिले म्हणजे आपोआप संरक्षण मिळत नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: फूट पडली हा बचाव आता उपलब्ध नाही, आणि व्हिप (आमदारांना पक्षाचा आदेश देणारा प्रतोद) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे नुसत्या त्याच्या आमदारांच्या गटाचा, नव्हे.

आणखी एक गोष्ट त्या निकालातली. 29 जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी फेसबुक लाइव्हवरून राजीनामा जाहीर केला. त्या रात्री आम्ही तो भावनिक प्रसंग म्हणून दाखवला. भाषण होतंच तसं. सुमारे साडेदहा महिन्यांनी न्यायालयाने सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं, पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही. एका राजीनाम्याचं कायदेशीर वजन किती असतं ते बघ. त्या रात्री एखाद्या घटनातज्ज्ञाला फोनोवर (फोनवरून थेट प्रक्षेपणात) घेऊन "आज राजीनामा आणि उद्या चाचणी हरणं, यात फरक काय?" हा प्रश्न विचारणारा वार्ताहर प्रेक्षकाच्या फार उपयोगी पडला असता. जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांचा निकाल आला, कुणीच अपात्र ठरलं नाही, आणि त्यावरही दिवसभर जल्लोष आणि निषेध यांचीच दृश्यं चालली. अध्यक्षांनी खरी शिवसेना कुठली हे ठरवताना पक्षाची कुठल्या वर्षाची घटना ग्राह्य धरली, हा निकालाचा गाभा होता. तो फार थोड्या ठिकाणी नीट सांगितला गेला.

यावरून सूत्रांची गरज नाही असं समजू नकोस. कागद कुठे ठेवला आहे हे माणूसच सांगतो. राजकीय वार्ताहराची सूत्रं म्हणजे मोठे नेते, हा समज काढून टाक. नेता तुला तेच सांगेल जे त्याला बाहेर यायला हवं आहे. मंत्रालयात कक्ष अधिकारी असतात, अवर सचिव असतात, फाईल त्यांच्या टेबलावरून वर जाते. मंत्र्यांचे पीए आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) असतात. बंगल्यावरचा शिपाई असतो, ड्रायव्हर असतो, ज्याला साहेब पहाटे कुठे गेले ते ठाऊक असतं. विधिमंडळ सचिवालयातली, ग्रंथालयातली माणसं असतात. त्यांच्याकडे बातमी नसतानाही जा. चहा घे, मुलांची चौकशी कर, नियम समजावून घे. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांकडून मी जितकं संसदीय कामकाज शिकले तितकं कुठल्याही कोर्समध्ये शिकले नाही. नागपूर अधिवेशनात पत्रकारांची उतरायची सोय 'सुयोग'मध्ये असते. तिथे रात्री जेवणानंतर जुने वार्ताहर बोलत बसतात, ते ऐकत बस. कुठल्या मुख्यमंत्र्याच्या काळात कुठलं विधेयक कसं मागे घेतलं गेलं, हे सगळं त्या गप्पांत मिळतं.

सूत्राने काही सांगितलं की स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. याला हे प्रत्यक्ष माहीत आहे की ऐकून सांगतोय? हे बाहेर आल्याने फायदा कुणाचा? आणि याचा कागद असेल तर तो कुठल्या खात्यात असेल? ज्याचा या प्रकरणाशी संबंध नाही असा दुसरा माणूस तेच सांगत असेल तर बातमी पुढे न्यायची. "सूत्रांची माहिती" म्हणून मंत्रिमंडळ विस्ताराच्या किती तारखा पडद्यावर आल्या आणि गेल्या, ते तूही पाहिलं असशील. त्याऐवजी संविधानातली मर्यादा सांगता येते. मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून जास्त असू शकत नाही, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह 43. किती भरलेत, किती रिकामे आहेत आणि किती इच्छुक आहेत, एवढं मांडलं तरी नाराजी का आहे ते प्रेक्षकाला समजतं. आणि 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणून कुणी सांगितलं तर ते तसंच राहिलं पाहिजे, संपादकाने दबाव आणला तरीसुद्धा. एकदा विश्वास गेला की त्या मजल्यावर तुझ्याशी कुणी बोलत नाही.

बाइट घेतानाची एक गोष्ट. गर्दीत नेत्याला दहा सेकंद मिळतात आणि दहा जण एकदम विचारतात: "साहेब, विरोधक आरोप करतायत, काय सांगाल?" या प्रश्नाला नेता त्याला हवं तेच बोलणार. एकच प्रश्न विचार, छोटा विचार, आणि त्यात आकडा, तारीख किंवा नाव असू दे. "कर्जमाफीचं काय?" याच्याऐवजी "कर्जमाफीसाठी या पुरवणी मागण्यांत तरतूद का नाही?" असं विचारलं की टाळाटाळ केली तरी ती प्रेक्षकाला दिसते. तो दिसणाराच क्षण टीव्हीची ताकद आहे. छापील बातमीत "उत्तर देण्याचे टाळले" एवढंच लिहिता येतं. पडद्यावर तो चेहरा असतो.

लाइव्ह देण्याबद्दल थोडं सांगते, कारण नव्या मुलींना त्याचीच भीती असते. कानात टॉकबॅक (स्टुडिओतलं बोलणं ऐकवणारा इअरफोन) असतो, पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, प्रोड्युसर बोलत असतो, अँकरचा प्रश्न बॅकपॅकवरून (थेट चित्र पाठवणाऱ्या यंत्रावरून) दोनेक सेकंद उशिरा पोचतो, समोर घोषणाबाजी चालू असते. अशा वेळी तीन गोष्टी ठरवून उभं राहायचं: आत्ता माझ्या डोळ्यांसमोर काय आहे, कुणी दुजोरा दिलेलं काय आहे, आणि अजून कळायचं काय आहे. या क्रमाने बोललं की गाडी घसरत नाही. अँकरने "म्हणजे सरकार पडणार का?" असं विचारलं तर "आत्ता तसं सांगता येणार नाही, कारण अमुक पत्र अजून राजभवनात पोचलेलं नाही" हे उत्तर द्यायला धीर लागतो. तो धीर अभ्यासातून येतो. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारा वार्ताहर लोकांना आवडतो. हे मी फिल्डवर लोकांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

चित्राच्या मागे धावताना विषय कसा निसटतो ते तुझ्याच लातूरने दाखवलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी घेऊन येणारी गाडी, स्टेशनवर सगळे कॅमेरे, देशभर दृश्यं. दाखवण्यासारखंच होतं ते. पण मांजरा धरण कोरडं का पडलं, त्या खोऱ्यात ऊस किती वाढला, शहरातली पाणीवाटपाची व्यवस्था कुणाच्या हातात होती, हे प्रश्न गाडीमागे राहिले. त्यांची उत्तरं पाटबंधारे खात्याच्या आणि महापालिकेच्या कागदांत होती आणि स्थानिक वार्ताहरांना ती माहीतही होती. सार्वजनिक प्रश्नांची पत्रकारिता इथे लागते. तू त्या जिल्ह्यात वाढली आहेस, हे तुझं भांडवल आहे. मुंबईत ओळख नसल्याचं दुःख करू नकोस.

निवडणुकीचं काम स्वतंत्र शिकावं लागतं. उमेदवाराचं नमुना 26 चं शपथपत्र पाच वर्षांपूर्वीच्या शपथपत्राशेजारी ठेवून वाच. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्यात असतं. मतदान संपायच्या आधीचे 48 तास टीव्हीवर काय दाखवता येत नाही ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 मध्ये आहे, एक्झिट पोलचं 126 अ मध्ये. केंद्रावर किती मतं पडली त्याची नोंद नमुना 17 क मध्ये होते आणि तिची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते, त्यामुळे मतदानाच्या आकड्यांवर वाद झाला की तिथे जायचं. निकालाच्या सकाळी आठला टपाली मतं मोजायला सुरुवात होते. त्या पहिल्या अर्ध्या तासातल्या आघाड्यांवर सरकार बनवू नकोस, डेस्क कितीही ओरडला तरी.

जे दाखवायचं नाही तेही कामाचाच भाग आहे. 26/11 च्या वेळी वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2012 च्या कसाब निकालात त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. 2015 पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला बंदी आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेली माहितीच दाखवता येते. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही, घराचा दरवाजासुद्धा, दाखवायचं नाही. नेते भेटीला गेले की कॅमेरे मागोमाग घरात शिरतात. तिथे तू बाहेर थांब. असाइनमेंटने (वार्ताहरांना कामं वाटणाऱ्या डेस्कने) फोन केला तर कायदा सांग.

संध्याकाळच्या चर्चांबद्दल माझं मत कडक आहे. सहा चौकटी, सहा प्रवक्ते, आणि एकाचंही वाक्य पूर्ण होत नाही. यातून प्रेक्षकाला धोरण कळत नाही आणि वार्ताहराचं दिवसभराचं काम वाया जातं. टीआरपीच्या घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर 2020 ते मार्च 2022 वृत्तवाहिन्यांचे आकडे येणं बंद होतं. त्या काळात तरी हे बदलेल असं वाटलं होतं, बदललं नाही. म्हणूनच अँकरिंगच्या कोर्समध्ये आत्ता पैसे घालू नकोस. फिल्डवर वर्षं काढलेली अँकर पाहुण्याला मध्येच थांबवून "हे कलम तसं नाही" म्हणू शकते. प्रॉम्प्टरवरचं (समोरच्या पडद्यावर सरकणारं) वाचायला शिकलेली म्हणू शकत नाही. आधी रिपोर्टिंग कर. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम, आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) अमरावती केंद्र, जिथे जमेल तिथे जा. कोर्स दार उघडून देतो, तेवढंच. इंग्रजी बोलता आलं नाही तरी चालेल, वाचता मात्र आलंच पाहिजे, कारण न्यायालयांचे आदेश आणि आयोगाची पत्रं इंग्रजीत असतात. रोज एका निकालाची चार पानं वाच, शब्दकोश शेजारी ठेव.

नोकरीचं स्पष्ट सांगते. सुरुवातीला पगार कमी असतो, करार असतो, आणि जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरला बहुतेक ठिकाणी बातमीमागे पैसे मिळतात, तेही उशिरा. चॅनेल बंद पडतात, एका दिवसात माणसं घरी जातात. 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांसाठी होता, टीव्हीवाल्यांना त्याचं छत्र नव्हतं. 2020 च्या कामगार संहितेत श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक माध्यमं आली आहेत, तेव्हा नेमणूकपत्रातली प्रत्येक ओळ वाच. सही करायच्या आधी त्या चॅनेलचा मालक कोण, त्याचे इतर धंदे काय, हेही बघ. कुठल्या बातम्या अडतील ते त्यावरून कळतं. मारहाण झाली तर महाराष्ट्रात 2017 चा माध्यमकर्मींसाठीचा कायदा आहे. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तक्रार नोंदवताना तो कायदा लावायला सांग, ठाण्यात आपणहून कुणी लावत नाही. मुलींना सभांमध्ये, रात्रीच्या बंगल्याबाहेरच्या पहाऱ्यात त्रास होतो, स्वच्छतागृह नसतं, गर्दीत धक्के बसतात. कॅमेरामनशी मैत्री ठेव, तो तुझ्या पाठीशी उभा असतो. रात्री घरी सोडायची गाडी हा हक्क आहे, ती मागताना संकोच करू नकोस.

आता लगेच काय करायचं. तुझ्या जिल्ह्यात जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते. स्थानिक संस्थांची मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांत आणि महापालिकांत कित्येक वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे या समितीतल्या निर्णयांना फार वजन आलं. मागच्या वर्षी जिल्ह्याला किती निधी मंजूर झाला, डिसेंबरपर्यंत किती खर्च झाला आणि मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात किती उडाला, हे तीन आकडे काढ. त्यातलं एक काम निवड, एखादी शाळाखोली नाहीतर उपकेंद्र, तिथे प्रत्यक्ष जा, मोबाइलवर शूट कर, दोन माणसांचे बाइट घे आणि दीड मिनिटाची बातमी बनव. नोकरी मागायला जाशील तेव्हा ती पेनड्राइव्हवर घेऊन जा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेत बैठकीचं इतिवृत्त माग. देत नाहीत असं झालं तर साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज लिही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लाव, पोच घे आणि तारीख लिहून ठेव. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं.